रेघ जिथे रेघेला ओलांडते

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या की सूनबाई कॉम्प्युटरवर नकाशे काढते. आईला वाटायचं मी टायपिंग करते. भाचा अजूनही प्रिंटर अडला की मला फोन करतो, आणि मी "मला नाही बाबा येत" म्हटलं की मावशी आखडते असं घरभर सांगतो. खरं उत्तर द्यायचा प्रयत्न मी एकदाच केला, वसईजवळच्या गिरीज गावी, आमच्या आळीतल्या हळदीकुंकवाला. "ज्या आकृत्यांच्या रेघा एकमेकींना छेदत नाहीत ना, त्यांच्यावर मी काम करते," एवढंच म्हणाले. समोरच्या काकू गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "म्हणजे रांगोळी." वाणाची वाटी घेतली आणि घरी आले.

आता नोकरी संपली, वेळच वेळ आहे, तेव्हा एकदाचं नीट सांगून टाकते. काकू वाचणार नाहीत, पण तुम्ही वाचा.

गिरीजला आमची वाडी. केळी, माड, कडेकडेनं भाजी. विहिरीवरून एक पाट निघायचा, त्याला फाटे, फाट्यांना आणखी फाटे. बाबा शिंपायला लागले की पाटाची तोंडं मातीनं बांधायचं आणि फोडायचं काम माझ्याकडे. जमिनीवर पाटाला पाट ओलांडू शकत नाही. ओलांडायला गेला की दोघांचं पाणी एक झालंच, म्हणजे तिथे जोड झाला. आमच्या धंद्यात जोडांना बिंदू म्हणतात आणि पाटांना रेघा. रेघा फक्त बिंदूंवरच भेटत असतील, अधेमधे एकमेकींच्या अंगावरून जात नसतील, तर त्या आकृतीला म्हणायचं प्लेनर ग्राफ. शहराच्या पाइपांचं जाळं बहुतेक असंच असतं. फरक एवढाच की पाटाला उतार असतो आणि पाइपातलं पाणी जिकडे मागणी तिकडे वळतं, सकाळी इकडून तिकडे तर संध्याकाळी उलटं. म्हणून आमच्या रेघांना बाण नसत. झालं. एवढ्यावर मी तीस-बत्तीस वर्षं पगार घेतला.

आमच्या वाडीत एक अपवाद होता. शेजाऱ्यांचा पाट आमच्या पाटावरून न्यायची वेळ आली तेव्हा बाबांनी माडाचं खोड पोखरून त्याची पन्हळ केली आणि आडवी टाकली. वरून त्यांचं पाणी, खालून आमचं. दोन घरं पुढे बांधावरून पुष्कळ भांडली, पण पाणी कधी एकमेकांत गेलं नाही. ही पन्हळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गणितात एम.एस्सी. झाले तेव्हा आळीतली सगळी पोरं मुंबईकडे तोंड करून उभी. खरी नोकरी मुंबईतच असते असा आईचा पक्का समज. मला मात्र वसई पूर्वेलाच एका औद्योगिक वसाहतीत काम मिळालं, पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावरच्या गाळ्यात. मालक पाध्ये सर. मूळचे देशावरचे, मुंबईतली भली मोठी नोकरी सोडून इथे येऊन बसलेले. अंगाने काटकुळे, आवाज मात्र खालच्या यंत्रांना ऐकू जाईल असा. शहरांच्या जाळ्यांवर, म्हणजे रस्ते, पाइप, विजेच्या तारा यांवर चालणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो आणि ज्याला हवे त्याला विकायचो.

मुलाखतीत त्यांनी मला कागद दिला. "तीन जावा, तीन विहिरी. प्रत्येकीला प्रत्येक विहिरीवर जायचंय, पण वाटेत एकीला दुसरीचं तोंड बघायचं नाही. नऊ वाटा काढ. एकही वाट दुसरीला ओलांडता कामा नये."

मी खोडरबर झिजवून झिजवून कागद फाडला. आठ वाटा निघत, नववी अडे. शेवटी म्हणाले, "होत नाही सर."

"का होत नाही?"

"जावाच तशा आहेत."

माणूस हसला नाही. "कारण सांग," म्हणाला. मग मी नीट बसून वाटांमधले तुकडे मोजले आणि का होऊच शकत नाही ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, घड्याळ बघितलं. "बरोबर आहे. पण वेळ फार लागला. उद्यापासून ये."

"वेळ किती लागला?" हेच त्या माणसाचं 'कशी आहेस'. आजच्या पोरांना नाही कळायचं. तेव्हाचे संगणक म्हणजे दमेकरी. दहा रेघा वाढवल्या की धापा टाकायचे. शेकडो पाइपांचं जाळं त्याला घातलं आणि सरळसोट पद्धतीनं उत्तर मागितलं तर चहा पिऊन यावं, जेवून यावं, तरी पडद्यावर ढिम्म. तेव्हा आमची सगळी हुशारी एकाच गोष्टीत, न केलं तरी चालेल असं काम हुडकून ते न करण्यात. सर त्याला शहाण्याचा आळस म्हणायचे. आणि रेघा एकमेकींना ओलांडत नाहीत, ही एक गोष्ट हातात असली ना, की असा आळस पुष्कळ करता येतो.

गिऱ्हाइकंही एकेक नग. पाचूबंदरचे आग्नेलशेठ बर्फाचे टेम्पो चालवायचे. बर्फ वितळायच्या आत सगळ्या बाजारांत कसा पोचवायचा, यासाठी ते आमच्याकडे आले. जवळच्या वाटा काढणं आमच्या डाव्या हातचा मळ. काढून दिल्या. शेठनी कागद उलटसुलट केला, डोकं हलवलं.

"बाय, रस्ता लांबचा पडला तरी चालंल. पन हा टेम्पो माज्या भावाच्या दारावरना जातो. तिकडना जायाला नको."

"पण शेठ, बर्फ वितळेल."

"वितळू दे, पानीच होईल ना? भावाचं तोंड बगन्यापरीस बरं."

मी त्या गल्लीची रेघ पुसली आणि पुन्हा हिशेब केला. टेम्पो आता किल्ल्याला वळसा घालून जायला लागला. दोनेक वर्षांनी ईस्टरच्या सुमारास शेठ मिठाईचा पुडा घेऊन गाळ्यात हजर. "बाय, ती पुसलेली रेघ परत काढ. आता टेम्पो रोज भावाच्या दारावरनाच जाऊ दे. वाकडा पडला तरी चालंल." सर आत बसून ऐकत होते. शेठ गेल्यावर मला म्हणाले, "राऊत, या अटीला कुठल्या पुस्तकात काय म्हणतात बघून ठेव." तेवढा एक दिवस ते मनापासून हसले होते.

आमचं नाव झालं ते मात्र व्हॉल्वच्या प्रोग्रॅमवर. समजा एका भागात पाइपाला भोक पडलं, गटाराचं पाणी आत शिरलं. तो तुकडा बाकीच्या जाळ्यापासून तोडायचा आहे, आणि कमीत कमी व्हॉल्व बंद करायचे आहेत, कारण प्रत्येक व्हॉल्वमागे कुणाच्या तरी घरचं पाणी जातं. कुठले व्हॉल्व? सगळ्या जोड्या लावून बघायच्या म्हटल्या तर नातवंडांना उत्तर मिळेल. इथे आमचा आळस कामाला यायचा. पाइपांकडे बघायचंच नाही. पाइपांच्या मधल्या मोकळ्या जागा बघायच्या आणि मनातल्या मनात त्या खराब तुकड्याला प्रदक्षिणा घालायची. एका मोकळ्या जागेतून दुसरीत जाताना एक पाइप ओलांडावा लागतो. सगळ्यात कमी पाइप ओलांडून जी प्रदक्षिणा पुरी होते, त्या पाइपांचे व्हॉल्व बंद करा. सुटलात. म्हणजे तोडण्याचा अवघड प्रश्न जवळच्या वाटेचा सोपा प्रश्न होऊन बसतो. ही युक्ती आमची नव्हे, जगातल्या थोरामोठ्यांची. पण त्या दमेकरी यंत्रावर ती पळवून दाखवली पाध्ये सरांनी, आणि त्यातली अर्धीअधिक मी लिहिली, हे इथे सांगितलं नाही तर कोण सांगणार?

फक्त एक अट. रेघा एकमेकींना ओलांडता कामा नयेत.

आणि नकाशे काय तुमच्या आमच्या सोयीनं काढलेले असतात? जुन्या कागदी नकाशांवर एक पाइप दुसऱ्याच्या वरून, जोड न घेता जात असेल तर तिथे आरेखक छोटीशी कमान काढायचे. रेघ टुण्णकन उडी मारल्यासारखी दिसायची. हे नकाशे आम्ही संगणकात भरायला लागलो तेव्हा सरांनी नियम केला. रेघेवरून रेघ गेली की तिथे गाठ मारायची. जोड आहे असंच धरायचं. कमान काढूनच टाकायची.

मी अडून बसले. "सर, आमच्या वाडीत पन्हळ आहे. वरचं पाणी वेगळं, खालचं वेगळं."

"राऊत, ही शहरं आहेत. वाड्या नाहीत."

"पण जोड नसताना जोड धरला तर उत्तर चुकेल."

"कुठल्या बाजूला चुकेल ते सांग." त्यांनी खडू उचलला. "नसलेला जोड धरला तर जाळं आहे त्यापेक्षा जास्त गुंतलेलं दिसेल. म्हणजे आपण गरजेपेक्षा जास्त व्हॉल्व बंद करायला सांगू. कमी कधीच नाही. घाण पाणी बाहेर जाणार नाही. माणसानं चुकायचंच असेल तर या बाजूला चुकावं. आणि कमानी ठेवल्या तर आपली युक्तीच चालत नाही. मग बस जेवून येत."

यात खोटं काय होतं? काही नाही. म्हणून मी कमानी पुसायला लागले, मनातून धुसफुसत. आणि खरं सांगायचं तर पुढे कितीतरी वर्षं कोणाची तक्रारही आली नाही. चार इमारतींचं पाणी उगाच बंद झालं तर त्या बिचाऱ्यांना काय माहीत, उगाच झालंय म्हणून? ती माणसं आम्हाला कधी दिसलीच नाहीत.

सर थकले, गाळा विकला. मी दुसरीकडे जाऊन शेवटची वर्षं काढली आणि घरी बसले. सर आणि शैलावहिनी विरार पूर्वेला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेले. मग सरांच्या किडन्यांनी दगा दिला आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, मनवेलपाड्याच्या पुढे एक छोटं केंद्र आहे तिथे. मी महिन्यातून एकदा भेटून यायची. माणूस अर्धा झालेला, पण दारातच विचारायचा, "गिरीजहून यायला वेळ किती लागला?"

या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी शैलावहिनींचा फोन आला. ही बाई म्हणजे थंड डोक्याची, कधी आवाज चढायचा नाही. त्या दिवशी आवाज कापत होता.

"अगं सुनंदा, परवापासून केंद्र बंद. पाणी तोडणार आहेत म्हणे, पाच-सहा दिवस तरी. त्यांच्याकडे साठवलेलं जेमतेम दिवसभर पुरेल. टँकरचं पाणी मशीनला घ्यायला डॉक्टर तयार नाहीत. दुसरीकडे विचारलं, सगळीकडे भरलेलं. पाच-सहा दिवस म्हणजे… तुला माहितीये ना गं?"

मला माहीत होतं. एक पाळी चुकली की सरांचे पाय सुजत, दुसरी चुकली की श्वास लागे. अशीच एकदा त्यांना घाईघाईनं दवाखान्यात हलवावं लागलं होतं.

"पण पाणी का तोडतायत?"

"शेजारच्या वसाहतीत घाण पाणी येतंय. पोरंबाळं आजारी पडलीयत. तो भाग तोडून पाइप धुणार आहेत. केंद्राची लाइनही त्यात जातेय. आम्ही जाऊन विनवण्या केल्या गं. ते म्हणाले, आमच्या हातात नाही, अकरा व्हॉल्व बंद करा म्हणून कॉम्प्युटर सांगतोय."

कुठला कॉम्प्युटर, ते मला कळायला वेळ लागला नाही. "सरांना सांगितलंत?"

"ते म्हणतात, बघू."

रिक्षा करून मी थेट पाणीखात्याच्या कचेरीत गेले. तिथे किरण भोईर म्हणून इंजिनीअर. पस्तिशीचा, झोप न झालेला, समोर गार झालेला चहा. मी नाव सांगितलं तसा उठून उभा राहिला. "मॅडम, तुमचंच सॉफ्टवेअर आहे ना हे? जुनं आहे, पण आम्ही अजून तेच वापरतो. एकदम फास्ट." अशा वेळी अभिमान वाटावा की रडू यावं?

त्यानं पडद्यावर दाखवलं. वसाहतीचा भाग लाल. भोवती बंद करायचे व्हॉल्व, अकरा. त्यातले दोन एका जाड लाइनवर होते. ही मोठी लाइन वसाहतीतून सरळ आरपार जाऊन पुढे केंद्राला आणि आणखी काही इमारतींना पाणी देत होती. वसाहतीच्या मधोमध, नाल्याच्या कडेला, तिथल्या बारक्या पाइपाला ती ओलांडत होती. आणि ओलांडते तिथे ठिपका. गाठ.

"इथे खरंच जोड आहे?" मी विचारलं.

"सिस्टिममध्ये तर आहे."

"सिस्टिमचं सोडा हो. जमिनीत?"

त्यानं खांदे उडवले. "मॅडम, मी यायच्या आधीची लाइन आहे. खोदून बघायचं तर वर रस्ता आहे, दोन दिवस गेले. आणि समजा जोड असला आणि मी ही लाइन चालू ठेवली, तर ती घाण सरळ डायलिसिसला. मग माझं काय होईल? त्यापेक्षा अकरा बंद केलेले बरे ना?"

त्याचं काय चुकलं? तीस वर्षांपूर्वी पाध्ये सरांनी खडू हातात घेऊन मला हेच सांगितलं होतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आम्ही आडातच कमान टाकली नव्हती.

मी म्हटलं, इथे बसून उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा ती जागा तरी बघू. किरणनं गाडी काढली. वसाहतीत पहिल्याच जिन्याखाली एक बाई पिंपांवर फडकी बांधत होत्या. शिंदे वहिनी, साताऱ्याकडच्या. सून आत आजारी पडलेली. पाणीखात्याचा माणूस बघून त्यांचा आधी पाराच चढला.

"या, या! आता आलात? चार दिस झालं, वास मारतंय पाणी. प्यायचं विकत आणतोय. हे घ्या, हुंगून बघा!"

किरणनं मान खाली घालून हुंगलं. मी विचारलं, "वहिनी, पाणी येतं कधी?"

"दिवसाआड. पहाटं पाचला येतंय, सातला जातंय. मधल्या येळी नळ उघडला तर नुसती हवा. फुस्स करतोय."

"कधीच येत नाही मधे? चुकून धार?"

"धार? अवो बाई, थेंब आला तर मी पेढं वाटीन."

मी किरणकडे बघितलं. "मोठ्या लाइनला पाणी कधी असतं?"

"ती चोवीस तास भरलेली…" म्हणता म्हणता तो थांबला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? चोवीस तास भरलेल्या लाइनला जर वसाहतीचा पाइप जोडलेला असता, तर शिंदे वहिनींच्या नळाला रात्रंदिवस पाणी असतं. त्यांचा नळ हवा सोडतो, याचा अर्थ तिथे जोड नाही. पन्हळ आहे. वरून त्यांचं पाणी, खालून यांचं. घाण कशी शिरली तेही त्यातच आलं. पाइप दिवसभर रिकामा पडतो आणि रिकामा पाइप भोकातून नाल्याचं पाणी ओढून घेतो.

तरी मी म्हटलं, माझ्या बोलण्यावर जाऊ नका, बघून घ्या. वसाहतीच्या पाइपाच्या सगळ्यात सखल टोकाला, पाइप धुवायला म्हणून एक व्हॉल्व असतो. भर दुपारी किरणनं तो उघडायला लावला. आतून थोडं काळपट पाणी आलं, मग नुसतं गुरगुरलं, मग काहीच नाही. मोठ्या लाइनवरचा दाबाचा काटा जागचा हलला नाही. आम्ही तिथे उन्हात कितीतरी वेळ उभे होतो. शिंदे वहिनींनी आम्हाला त्यांच्या विकतच्या पाण्यातलं पाणी आणून दिलं, आणि मघाशी ओरडल्या त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलायचं कारणही नव्हतं.

"सुकी आहे मॅडम," किरण म्हणाला. "एकदम सुकी."

पुन्हा कचेरीत आलो. मी त्याच्याकडून नकाशाची छापील प्रत घेतली आणि पेन्सिल मागितली. मोठी लाइन मी कागदावर खोडून टाकली. म्हणजे मनातल्या मनात पन्हळ उचलून बाजूला ठेवली. आता उरलेल्या रेघा पुन्हा एकमेकींना न ओलांडणाऱ्या, गुणी. मग मी लाल भागाला प्रदक्षिणा घालायला लागले. एक वाट घेतली, मोजली, खोडली, दुसरी घेतली. खूप वर्षांनी हातानं काम करत होते. मान दुखायला लागली आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. चार पाइपांवर प्रदक्षिणा पुरी झाली. तीनवर होत नाही, हे सुद्धा तपासून बघितलं. जुनी खोड.

"चार," मी म्हटलं. "हे चार. मोठ्या लाइनला हात लावू नका."

किरणनं वरिष्ठांना फोन लावला. दुपारचं सगळं सांगितलं, काट्याचं सांगितलं. बराच वेळ तो नुसताच "हो सर, हो सर" करत होता. मग फोन ठेवून त्यानं तो गार चहा एका घोटात संपवला. "चार फायनल. आणि केंद्राच्या तोंडाशी रोज पाणी तपासायचं. ते मी स्वतः बघतो."

एक गोष्ट मनाला लागून राहिली, तीही सांगते. आजच्या संगणकाला कमानी ठेवलेला नकाशा दिला असता, आणि आम्ही टाळलेली ती सरळसोट पद्धत लावली असती, तरी त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत चार हेच उत्तर दिलं असतं. ज्या वेगासाठी आम्ही कमानी पुसल्या, तो वेग आता पोराच्या हातातल्या फोनमध्येही आहे. पुसलेल्या कमानी मात्र परत आल्या नाहीत. मी किरणला म्हटलं आहे की सवडीनं सगळे जुने नकाशे काढू आणि एकेक जागा तपासू. तो हो म्हणाला आहे. सध्या आठवड्यातून एक दिवस जाते, फुकट.

चार व्हॉल्व बंद झाले त्या दिवशी मी केंद्रावर गेले. सरांची पाळी चालू होती. शैलावहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी नुसता माझा हात धरला आणि आत जा म्हणून खुणावलं. रिक्षातून येताना मी ठरवलं होतं की कुठली लाइन, कुठली गाठ, यातलं काही बोलायचं नाही. आजारी माणूस, कशाला?

सर डोळे मिटून पडले होते. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "राऊत, किती आले?"

"चार."

"आपल्यानं किती सांगितले होते?"

मी चादरीचं टोक सारखं केलं.

"अगं, शैलानं सांगितलंय. अकरा." त्यांनी डोळे उघडले. "गाठ होती ना?"

"हो सर."

"पन्हळ निघाली?"

इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. मी मान हलवली.

त्यांच्या डाव्या हातातून दोन नळ्या निघून मशीनकडे गेल्या होत्या. एकीतून अंगातलं रक्त बाहेर जात होतं, दुसरीतून धुतलेलं परत येत होतं. मधे चादरीवर, त्यांच्या छातीपाशी, तांबडी नळी निळीच्या अंगावरून गेली होती. सरांनी मोकळ्या हाताचं बोट उचललं आणि बरोब्बर त्या जागेवर, न टेकवता, धरलं.

"हे बघ. रोज इथे पडल्या पडल्या बघतो मी," ते म्हणाले. "इथे मी गाठ मारली असती."

मी तिथल्या स्टुलावर बसले. डोळे भरून आले होते, ते पुसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "सर, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता हो. ती यंत्रं…"

"गप गं." बोट खाली आलं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "हातानं केलंस?"

"हो. पेन्सिलीनं."

"वेळ किती लागला?"

"अख्खी संध्याकाळ गेली."

"फार," पाध्ये सर म्हणाले, आणि असे हसायला लागले की नळ्या हलल्या आणि नर्स धावत आली. "बाबा, हलू नका!"